पॅनेल बाँडने लावलेला पॅच कडेने पुन्हा फुगतो तेव्हा

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. दाराचा खालचा भाग किंवा चाकावरची कमान गंजलेली होती. गंजका पत्रा कापला, नवा पॅच पॅनेल बाँडने (पत्र्याला पत्रा चिकटवणारा दोन भागांचा गोंद) चिकटवला, पुट्टी, प्रायमर, रंग सगळं रीतसर झालं. गाडी नव्यासारखी दिसली. मग पावसाचे दिवस सरले आणि जोडाच्या रेषेवर बारीक फुगे उठले. खरवडून पुन्हा पुट्टी भरली, पुढच्या पावसानंतर पुन्हा तेच. असं दोन-तीनदा झालं की निकाल ठरलेला: बाँड बोगस, वेल्डिंगच करायला हवं होतं.

मी असे जोड उघडून बघितले आहेत, आणि बहुतेक वेळा बाँड आपल्या जागी घट्ट असतो. सुटलेला असतो तो बाँडखालचा गंज. म्हणजे बाँडने ज्याला धरलं त्याला सोडलेलं नसतं, फक्त त्याने पत्र्याऐवजी गंजाला धरलेलं असतं. ही गोष्ट एकदा डोळ्यांनी बघितली की पुढचा सगळा तपास सोपा जातो. म्हणून नवी ट्यूब आणण्याआधी जोड उघडा.

जोड कसा उघडायचा आणि काय बघायचं

फुगलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत रंग आणि पुट्टी काढा. मग हॉट एअर गनने जोडाची पट्टी तापवा. इपॉक्सी बाँड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास इतका मऊ पडतो की पातळ पटाशी किंवा जुनी कडक स्क्रॅपर आत सरकते. ज्योत वापरू नका. इपॉक्सी जळला तर धूर वाईट असतो, आणि दाराच्या पोकळीत वायरिंग, फोम, जुनं वॅक्स असं पेट घेणारं बरंच काही दडलेलं असतं. शक्य असेल तर एक कोपरा न तापवता, नुसता पक्कडीने सोलून काढा. थंड उघडलेल्या जोडाचा चेहरा जास्त खरं बोलतो.

आता दोन्ही पत्रे उलटे करून शेजारी ठेवा.

दोन्ही पत्र्यांवर बाँडचा थर दिसतोय, म्हणजे बाँड स्वतः मधोमध फाटलाय? मग चिकटवण्याचं काम चोख होतं, जोडावर झेपेल त्यापेक्षा जास्त ताण आला. एका पत्र्यावर सगळा बाँड आणि दुसऱ्यावर नुसता चकचकीत लोखंडी पत्रा? तयारीत खोट. बाँडच्या पाठीवर तपकिरी भुकटी किंवा काळसर पापुद्रा चिकटलेला? गंजावर चिकटवलं, किंवा गंज मागून आत सरकला. बाँडचा पृष्ठभाग गुळगुळीत, काचेसारखा, जणू कुणाला टेकलाच नव्हता? हवेचा पोकळ कप्पा राहिला. आणि नखाने दाबल्यावर बाँड अजून रुततो, बोटाला चिकटतो, तर तो कधी पूर्ण सेट झालाच नाही.

या पाच चेहऱ्यांपैकी तिसरा सगळ्यात जास्त वेळा दिसतो, म्हणून त्याच्यावरच जास्त वेळ घालवतो.

बाँडच्या पाठीवर गंज

गाडीच्या पत्र्याला पडलेलं भोक सहसा बाहेरून पडलेलं नसतं. ते आतून बाहेर आलेलं असतं. दाराच्या तळाशी, फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात, कमानीच्या दुमडलेल्या ओठात चिखल आणि पाणी साचतं, तिथला रंग फॅक्टरीतूनच पातळ बसलेला असतो, आणि पत्रा आतल्या बाजूने झिजत जातो. बाहेर रुपयाएवढा फुगा दिसतो तेव्हा आत तळहाताएवढा भाग खाल्लेला असतो. आता आपण बाहेरून बघून फुग्याच्या कडेने कापतो, बाहेरची बाजू ग्राइंडरने चकचकीत करतो आणि पॅच लावतो. जोडाच्या पट्टीची बाहेरची बाजू स्वच्छ असते, आतली गंजलेलीच राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. तो पट्टीच्या आतून वाढत कडेपर्यंत येतो आणि रंग, पुट्टी, बाँड सगळ्यांना उचलतो. बाँड कितीही ताकदीचा असला तरी त्याच्याखालचा पत्रा पापुद्र्यांनी सुटत असेल तर तो काय करणार.

तेव्हा किती कापायचं हे बाहेरच्या फुग्यावर ठरवू नका. टोकदार टोच्याने फुग्याच्या भोवती सगळीकडे दाबत जा. टोच्या आत जातो किंवा पत्रा लवतो तिथपर्यंत तो गेलेलाच आहे असं धरा. शक्य असेल तिथे आतून बघा: दाराचं आतलं कव्हर काढून, कमानीचं प्लास्टिक लायनर उतरवून, नाहीतर मोबाइलला जोडता येणारा छोटा तपासणी कॅमेरा भोकातून आत घालून. दोन्ही बाजूंनी निरोगी पत्रा जिथे सुरू होतो, तिथून पुढे २५ मिमीची पट्टी मोजायची. ती तुमची जोडाची जागा. पत्रा गेलेला भाग मोठा निघाला म्हणून पट्टी १० मिमीवर उरकण्याचा मोह होतो. त्याऐवजी पॅच मोठा करा. पत्र्याचा एक तुकडा वाचवून उपयोग नाही.

खड्डे पडलेला पण भोक न पडलेला पत्रा हा अवघड मामला. वरून घासून तो चमकतो, पण प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी काळा ठिपका राहतो. तो ठिपका म्हणजे गंजच. जोडाच्या पट्टीत असे ठिपके दिसत असतील तर एकतर छोटा सँडब्लास्टर वापरून ते तळापर्यंत साफ करा, नाहीतर आणखी मागे कापा. वायर ब्रशवर विसंबू नका. तो पुष्कळदा गंज काढण्याऐवजी त्यालाच पॉलिश करतो, आणि त्या चकाकीवर बाँड धरत नाही.

इथे रस्ट कन्व्हर्टरचा, म्हणजे गंजाचं रूपांतर करणाऱ्या रसायनाचा प्रश्न येतो. गंजावर लावलं की काळं पडतं आणि समाधान मिळतं, म्हणून बरेच जण जोडाच्या पट्टीवरही ते मारतात. नका मारू. एक तर बाँड त्या काळ्या थराला चिकटतो, पत्र्याला नाही, आणि तो थर खालच्या गंजाइतकाच पक्का किंवा कच्चा असतो. दुसरं म्हणजे बहुतेक कन्व्हर्टर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लावर चालतात, आणि इपॉक्सीचा हार्डनर (त्याला सेट करणारा दुसरा भाग) अमाइन म्हणजे अल्कली जातीचा असतो. उरलेलं आम्ल हार्डनरला खाऊन टाकतं आणि पत्र्यालगतचा बाँडचा थर अर्धवट सेट होतो. सेल्फ-एचिंग, म्हणजे आम्लाने पत्रा धरणाऱ्या प्रायमरलाही हेच कारण लागू पडतं. पोकळीच्या आत, जोडापासून दूर, जिथे हात पोचत नाही तिथे कन्व्हर्टर वापरायला हरकत नाही. जोडावर नाही.

उघड्या पत्र्याला उघडा ठेवू नका

समजा पत्रा उत्तम साफ झाला. मग नॉझलमधून बाँडची एकच वळकटी पट्टीच्या मधोमध ओढली, पॅच दाबला, क्लॅम्प लावले. वळकटी पसरते, पण दरवेळी कडेपर्यंत पोचत नाही. पट्टीच्या दोन्ही कडांना दोन-चार मिलिमीटर उघडा, घासलेला, रंग नसलेला पत्रा दोन पत्र्यांच्या फटीत राहून जातो. फटीत पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि लवकर बाहेर पडत नाही. गंजाला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. बाहेरची कड पुट्टीने झाकली जाते, आतली तशीच राहते. फुगे बरोबर जोडाच्या रेषेवर उठतात त्याचं हे एक मोठं कारण.

उपाय फुकटचा आहे. वळकटी ओढण्याआधी दोन्ही पत्र्यांवर, जिथे जिथे घासलंय तिथे सगळीकडे, त्याच बाँडचा पातळ हात द्या. जुना कडक ब्रश किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते. पत्रा दिसेनासा होईपर्यंत चोळून लावा, नुसता पसरवू नका. मग त्यावर वळकटी. आता पत्रे दाबल्यावर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडांतून बाँड अखंड रेषेने बाहेर यायला हवा. जिथे येत नाही तिथे फट आहे असं समजा.

आत बाहेर आलेला बाँड तसाच सोडू नका, यावर फारसं कुणी बोलत नाही. दाराच्या तळाशी पॅच मागच्या बाजूने बसवला असेल तर त्याची वरची कड आतल्या बाजूला एक छोटी कपार बनवते, वरून येणारं पाणी तिथे अडतं. शक्य तिथे तो बाहेर आलेला बाँड बोटाने उतार देऊन सारखा करा, म्हणजे पाणी घसरून जाईल. बोट पोचत नसेल तर बाँड सेट झाल्यावर सीम सीलर (जोडाची फट बंद करायचा लवचिक सीलर) ओतून उतार करता येतो. आणि तळाची पाणी निघायची भोकं बघा. कितीतरी वेळा नवा पॅच छान बसतो आणि ओघळलेला बाँड नेमका ड्रेनचं भोक बुजवून टाकतो. पहिल्यांदा पत्रा गंजला होता तोही बहुधा भोक मातीने बुजल्यामुळेच. भोकात तात्पुरती प्लास्टिकची काडी घालून ठेवली की प्रश्न मिटतो.

आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारायचं ते शेवटी. बाँड पूर्ण सेट झाल्यावर, रंगकाम झाल्यावर. आधी मारलं आणि त्याचा फवारा किंवा ओघळ जोडाच्या पट्टीवर आला तर सगळी साफसफाई वाया. वॅक्स मात्र टाळू नका. ज्या जागेने एकदा पत्रा खाल्ला, तिथलं पाणी पुन्हा येणारच आहे.

एका बाजूला चकचकीत पत्रा निघाला तर

बाँड पत्र्याला चिकटलाच नाही. कारणं थोडी आहेत आणि सगळी सफाईच्या भोवती फिरतात.

घासण्याआधी डिग्रीस केलं नव्हतं, म्हणजे तेल-ग्रीस काढलं नव्हतं, हे पहिलं. तेल, सिलिकॉन पॉलिश, जुनं वॅक्स पत्र्यावर असताना डिस्क फिरवली की ते ओरखड्यांत कोंबलं जातं, मग वरून कितीही पुसा. क्रम असा: आधी डिग्रीसर, मग ८० नंबरच्या आसपासच्या डिस्कने खरखरीत होईपर्यंत घासणं, मग धूळ उडवून पुन्हा डिग्रीसर. दोन कापडं लागतात, एक ओलं आणि एक कोरडं. ओल्याने पुसून ते आपोआप वाळू दिलं तर विरघळलेली घाण जागच्या जागी परत बसते. ओलं फिरवलं की लगेच कोरडं. थिनरच्या डब्यातला थिनर कुठला, हेही बघा. ब्रश धुवून उरलेल्या थिनरने पुसणं म्हणजे पत्र्यावर रंगाचा पातळ थर देणं.

खूप बारीक कागदाने घासलं, हे दुसरं. आरशासारखा पत्रा डोळ्यांना बरा वाटतो, पण बाँडला ओरखडे लागतात.

तिसरं म्हणजे घासून ठेवलेला पत्रा रात्रभर तसाच पडून राहिला. दमट हवेत उघड्या लोखंडावर काही तासांत गंजाची फिकट छटा येते. डोळ्यांना दिसते त्याआधीच ती सुरू झालेली असते. घासल्या दिवशीच, शक्यतो घासल्या तासाभरात बाँड लावा. वेळ गेला असेल तर पुन्हा एकदा हलका हात फिरवा.

वेल्डिंगसाठीचा झिंकवाला प्रायमर पट्टीवर मारलेला असेल तर तोही काढायला हवा. तो पत्र्यावर सैल बसलेला असतो आणि बाँडसकट निघून येतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावर मात्र जपून. तिथे जाड डिस्कने खोल खणत बसलात तर संरक्षण देणारं जस्तच निघून जातं. रंग काढणारी मऊ डिस्क वापरा आणि जस्त शिल्लक राहील असं बघा. फॅक्टरीचा ई-कोट (विजेच्या साहाय्याने पत्र्यावर चढवलेला पहिला प्रायमर) घट्ट असेल तर तो ठेवायचा की काढायचा, हे बाँडच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. काही बाँड त्यावर चालतात, काहींना उघडाच पत्रा लागतो.

शंका असेल तर गाडीवर हात घालण्याआधी त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या कापा, अगदी तशाच घासा, त्याच नॉझलने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये धरून पक्कडीने सोला. पट्टी वाकली आणि बाँड दोन्हीकडे चिकटून फाटला तर तुमची पद्धत बरोबर आहे. एका बाजूने साफ निघाला तर गाडीवरही तसाच निघेल. अशाच एखाद्या घासलेल्या तुकड्यावर साधं पाणी टाकूनही बघता येतं: स्वच्छ पत्र्यावर पाणी अखंड पसरतं, तेलकट पत्र्यावर थेंब होऊन गोळा होतं. गाडीच्या जोडावर ही पाण्याची चाचणी करू नका, गंजाला आमंत्रण मिळेल.

बाँड चिकटच राहिला

बहुधा मिश्रण बिघडलं. दोन नळ्यांच्या कार्ट्रिजमध्ये दोन्ही बाजूंची पातळी सारखी नसते. नॉझल लावण्याआधी थोडं दाबून दोन्ही भाग सोबत बाहेर येतात का ते बघायचं असतं. मग नॉझल लावायचा आणि पहिली नॉझलभर लांबीची वळकटी फेकून द्यायची, रंग एकसारखा होईपर्यंत. या पहिल्या वळकटीत एक भाग जास्त, दुसरा कमी असतो, आणि काटकसरी माणूस नेमकी तीच जोडाच्या टोकाला लावतो. टोकालाच पुढे पॅच उचकतो. नॉझल कापून आखूड करणं, मधले मिश्रणाचे पाते काढून टाकणं, जोर लागतो म्हणून दुसऱ्याच कंपनीचा नॉझल बसवणं, या सगळ्यांचा शेवट असाच.

दुसरं कारण थंडी. बहुतेक इपॉक्सी बाँडचे आकडे २१ ते २३ अंश सेल्सिअससाठी लिहिलेले असतात: तास-दीड तास हाताळायला, चार-सहा तासांनी क्लॅम्प काढायला, २४ तासांत पूर्ण ताकद. तापमान दर १० अंशांनी उतरलं की वेळ ढोबळमानाने दुप्पट होतो. लक्षात घ्यायचं ते पत्र्याचं तापमान, खोलीचं नाही. रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी आत घेतली तरी पत्रा बराच वेळ गार राहतो. दिव्याने किंवा गरम हवेने पत्रा हळूहळू तापवता येतो, फार नाही. आणि कार्ट्रिजवरची मुदत वाचा. उन्हात पडलेली जुनी कार्ट्रिज मुदतीच्या आतही बिघडते.

मिश्रण बिघडून चिकट राहिलेल्या बाँडवर काही उपाय नाही. तापवून तो पुढे सेट होईल अशी आशा धरू नका. सगळा काढा आणि नव्याने सुरुवात करा.

क्लॅम्पचा अतिरेक आणि पोकळ कप्पे

वेल्डिंगची सवय असलेला हात क्लॅम्प पिळून टाकतो. बाँडला तसलं प्रेम सोसत नाही. दोन पत्र्यांमध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास थर राहायला हवा, म्हणूनच काही बाँडमध्ये तेवढ्या जाडीचे बारीक काचेचे मणी घातलेले असतात. मणी नसतील आणि क्लॅम्प आवळला तर सगळा बाँड बाहेर, आत कोरडा जोड. पत्रा टेकेपर्यंत दाबा आणि थांबा.

पोकळ कप्पा बहुतेकदा एकाच सवयीतून येतो. पॅच लावला, थोडा वाकडा बसला म्हणून उचलला आणि पुन्हा टेकवला. उचलताना बाँड शिखरांसारखा ताणला जातो, परत टेकवताना मध्ये हवा कोंडते. एकदा टेकवलेला पॅच सरकवायचा, उचलायचा नाही. म्हणून आधी कोरडा बसवून बघा, क्लॅम्पच्या जागा ठरवा, खुणा करा.

बाँड मधोमध फाटला

असा जोड मी क्वचित बघितलाय, आणि तो निघाला की प्रश्न बाँडचा नसतो, जोडाच्या आखणीचा असतो. बाँड घसरणाऱ्या ओढीला भक्कम तोंड देतो, सोलणाऱ्या ओढीपुढे दुबळा पडतो. भिंतीवरची चिकटपट्टी सरळ खेचून हलत नाही, कोपरा नखाने उचलला की सहज निघते, तसंच. पॅचचे टोकदार कोपरे म्हणजे सोलायला दिलेली टोकं. ते गोल कापा. जिथे पट्टी संपते, दारासारखा भाग आपटतो किंवा पत्रा ताणाखाली वाकवून बसवलाय, तिथे दोन्ही टोकांना एक-एक रिव्हेट किंवा वेल्डचा टाका द्या. १९९६ साली आलेल्या लोटस इलिसची ॲल्युमिनियमची चासी इपॉक्सीनेच जोडलेली होती, आणि तिथेही सोलण्याविरुद्ध यांत्रिक फास्टनर ठेवलेच होते. त्यांनी ठेवले तर आपणही ठेवावेत.

मात्र वेल्डचा टाका बाँडच्या अगदी शेजारी मारलात तर उष्णतेने तिथला बाँड जळतो. टाक्याच्या भोवतीची जागा बाँडशिवाय सोडा आणि नंतर सीम सीलरने बंद करा. रिव्हेट तात्पुरते असतील तर बाँड सेट झाल्यावर ड्रिलने काढून भोकं त्याच बाँडने बुजवा. ॲल्युमिनियमचे रिव्हेट लोखंडी पत्र्यात कायमचे ठेवले आणि तिथे पाणी पोचलं तर दोन धातूंची गंजाची जोडी जमते. पुट्टीखाली गोल गोल ठिपके उठतात ते हेच.

मुळात बाँडने करू नये असे जोड

कधीकधी फाटलेला जोड सांगत असतो की इथे बाँड लावायलाच नको होता. दाराची, छताची, फेंडरची बाहेरची कातडी ही बाँडची जागा. खांब, दाराखालची सिल, चासीचे रेल, सीटबेल्टचे आणि सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात तो भाग, इथे फक्त गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत जे लिहिलंय तेच. "बाँड वेल्डपेक्षा मजबूत" हे वाक्य एका चाचणीपुरतं खरं असू शकतं, गाडीच्या टकरीत बळ कुठून कुठे जातं याबद्दल ते काही सांगत नाही. अमेरिकेत डॅलसमध्ये २०१७ साली ज्युरीने एका बॉडीशॉपला ३ कोटी १५ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. होंडा फिटचं छत कंपनीच्या सूचनेप्रमाणे वेल्ड करण्याऐवजी त्यांनी बाँडने चिकटवलं होतं, आणि पुढे त्या गाडीला अपघात झाल्यावर आतली माणसं गंभीर जखमी झाली. सिलमध्ये गंज असेल तर कितीही चांगला बाँड हातात असो, ते वेल्डरचं काम.

फुगे नाहीत, पण रेषा दिसते

ही वेगळी तक्रार, पण लोक ती पहिलीशीच जोडतात. रंग सपाट आहे, गंज नाही, तरी उन्हात उभी केली की जोडाची सावलीसारखी रेषा उमटते आणि संध्याकाळी नाहीशी होते. लोखंडापेक्षा इपॉक्सी उष्णतेने चार-पाच पट जास्त फुगतो. गडद रंगाचा पत्रा उन्हात ७०-८० अंशांपर्यंत जातो, आणि काही इपॉक्सी त्या तापमानाला मऊही पडू लागतात. जोड पूर्ण सेट होण्याआधी घासून रंगवला असेल तर रेषा आणखी ठळक, कारण उरलेलं आकसणं रंगाखाली होतं. शिवाय कच्च्या इपॉक्सीवर टाकलेली पॉलिएस्टर पुट्टी त्या कडेला नीट धरत नाही.

झालेल्या जोडावर यावर मोठा इलाज नाही. बाँड पत्र्याच्या पातळीखाली खरवडून वरून धातूची भुकटी असलेली पुट्टी भरली तर रेषा बरीच दबते. खरा उपाय आखणीच्या वेळचा: जोड सपाट पत्र्याच्या मधोमध न घेता बॉडीच्या नैसर्गिक कडेवर किंवा वळणावर घ्यायचा. सपाट भागातच घ्यावा लागला तर पायरी पाडणाऱ्या हत्याराने एका पत्र्याची कड खाली दाबायची किंवा मागून पट्टी लावून दोन कडा समोरासमोर आणायच्या. म्हणजे वर फक्त केसाएवढी फट उरते.

फुगा जोडावर नसेल तर

खुणेची फूटपट्टी लावून बघा. फुगे जोडाच्या २५ मिमीच्या पट्टीत नसून पॅचच्या मध्यभागी किंवा बरेच बाहेर असतील, तर वर लिहिलेलं काहीच लागू नाही. पॅचच्या मधले फुगे पुट्टीचे: पुट्टीत टाल्क असतं, ती ओल शोषते, आणि पाणी लावून घासली आणि नीट वाळायच्या आत वर प्रायमर मारला तर ती ओल रंगाखाली फुगे आणते. असे फुगे सुईने टोचले तर आत कोरडं किंवा स्वच्छ पाणी असतं, तपकिरी नाही. तपकिरी पाणी निघालं आणि जागा जोडापासून दूर असेल, तर तो गंज आधीपासूनच तिथे होता, फक्त मागच्या वेळी टोच्या तिथपर्यंत नेला नव्हता. मग पुन्हा आतलं कव्हर काढा, दिवा घेऊन आत बघा, आणि या वेळी पॅच त्याच्याही पलीकडून कापा.

घासताना धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क आणि हाताला नायट्राइलचे हातमोजे ही दोन गोष्टी दरवेळी. इपॉक्सीच्या हार्डनरची त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही, आणि पुढच्या वेळी थोड्याशा स्पर्शानेही हात सुजतात.